दादाच्या रॉडची मूठ

अरे, स्वतः रॉड बनवण्यात कसली मजा आहे, सांगतो! दादा वारला त्याला महिनाही झाला नव्हता. त्याने मागवलेलं फ्लाय रॉडचं, म्हणजे मासे पकडायच्या काठीचं, सामान त्याच्या जर्मनीतल्या घरी खोक्यातच पडून होतं. मी कुणाला न विचारता ते उघडलं, कार्बनच्या काठीवर कॉर्कची मूठ चिकटवली आणि सँडपेपरने घासत सुटलो.

वहिनी आली. "भाऊजी, कोणाच्या मापाने घासताय?"

माझा हात थांबला. दादाचा पंजा केवढा मोठा! "चुकलं वहिनी. माझ्याच मापाने."

तिने मूठ धरून पाहिली, डोळे पुसले. "अजून घासा. माझा हात लहान आहे."

"तू मासे पकडणार?"

"मग? इथे जर्मनीत परवान्याशिवाय गळ टाकता येतो का? ह्यांच्याबरोबर त्याची परीक्षा मी पास झालेय. तुमच्याकडे कुठे परवाना आहे? तुम्ही काठावर जाळी धरून उभे राहा!"