न रंगवलेली कॉर्व्हेट

शुक्रवारी सकाळी बहारीनच्या गुदैबियात न्हाव्याकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, गॅरेजमधले रंगारी हुसेनचाचा आणि त्यांचा पुतण्या झुबेर, दोघे रत्नागिरीकडचे.

“चाचा, अरबाबाने गाडी रंगवायला दिली नि तुम्ही रंगवलीच नाही?”

“नाही रंगवली.”

“तीस वर्षांची कॉर्व्हेट, रंग पार विटलेला. गिऱ्हाईक येणार म्हणून चकाचक करायला सांगितली होती ना?”

“दाराचं रबर उचलून बघितलं, झुबेर. खालीही तोच रंग. अमेरिकेतल्या कारखान्यात लागलेला पहिला रंग! त्यावर मी पॉलिश पेपर मारू? नुसती धुतली, खलास.”

“अरबाब काय म्हणाला?”

“व्हिसा कॅन्सल, उद्याच्या विमानाने घरी जा.”

“या अल्ला!”

“तेवढ्यात ते गिऱ्हाईक आलं, एक गोरा. भिंग काढलं, जमिनीवर आडवा झाला, तासभर बघत राहिला. उठून विचारतो, रंगारी कोण? अरबाबाने रागाने माझ्याकडे बोट केलं.”

“मग?”

“गोऱ्याने माझा हात धरला, सोडीचना. म्हणतो, नवा रंग कधीही देता येतो, हा एकदाच मिळतो. रंगवलेली असती तर बघितलीही नसती. तिथल्या तिथे घेतली गाडी.”

“आणि तुमचा व्हिसा?”

“व्हिसा? काल हमद टाउनहून एकजण जुनी मस्टँग घेऊन आला. अरबाबाला म्हणतो, रंगवायची नाही, पण हुसेनकडूनच.”

एवढ्यात खुर्ची रिकामी झाली. न्हाव्याने चाचांना बसवलं.

“हुसेनभाई, दाढी को मेहंदी लगाऊं?”

“आज नहीं. सिर्फ धो दे.”