चार नंबरची पिशवी

पिशवीतले शेंगदाणे मी का खात न्हाई, ऐका. प्लास्टिकच्या पिशव्या नव्या आल्या होत्या. त्या मातीत कुजतात का, हे पुण्याचे एक सर अन् मी मिळून तपासायलो होतो. नंबर टाकलेल्या पिशव्या कुजवायची औषधं चोळून पोखर्णीला मामाच्या उकिरड्यात पुरल्या. चार नंबरला सगळ्यात जहाल औषध.

सर बघायला आले. उकरलं, तर एकही पिशवी न्हाई! सर खूश, "कुजल्या!" मला मात्र शेजारी बांधलेली गाय दिसायली.

"मामी, गाईनं पिशव्या खाल्ल्या का वं?"

"गाय कशाला खाती? म्याच धुऊन घेतल्या. इतक्या चांगल्या पिशव्या कुनी पुरतंय व्हय?"

जीव भांड्यात पडला. वळलो, तर सर मामीनं दिलेले शेंगदाणे खायलेले. हातातल्या पिशवीवर माझ्याच अक्षरात चार.

गाय वाचली होती. आता सर वाचायचे होते.