मंडळीच्या गळ्यावरची रेघ

मी मूळचा निडीचा, रोह्याच्या अलीकडचा. दुसरीपर्यंत शिकलो नि बापाने पेणला मामाकडे धाडलं, गणपतीच्या कारखान्यात माती मळायला. पुढे रंगाला बसलो, मंग डोळ्यांच्या आखणीला, आणि काय सांगू तुम्हाला, पेणात आखणीवाले पुष्कळ, पण माझ्या हातची रेघ पुसून दुसऱ्यांदा मारावी लागली नाय. मालक बाकीच्यांना शिव्या द्यायचा, मला चहा द्यायचा. गर्व म्हणा, हाय तो हाय.

तर आमच्या मंडळीच्या गालात आतून फोड झाला. मशेरीची सवय तिला लहानपणापासून. मी म्हटलं उष्णता असेल, ती म्हणाली असेल, असे चार महिने घालवले. मंग मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला नि कॅन्सर म्हणाले. ती विचारते, अवो, डाक्तर काय बोलला. मी म्हटलं, मशिनचा शेक घ्यायचा हाय, बरी होशील.

आता म्हणे तोंडावर बसणारा मुखवटा करून त्याच्यावर खुणा करतात, तवा कातडीवरच जांभळ्या शाईच्या रेघा मारायचे, गालापासून गळ्यापर्यंत, नि त्या धरून मशिन लावायचे. पोरगेलासा डाक्तर, त्याने बजावलं, बाबा, रेघा पुसू द्यायच्या नाहीत. सोमवार ते शुक्रवार शेक, शनिवारी एस्टीने घरी, पेणच्या रामवाडीला. वैशाखाचे दिवस, एका रविवारी घामाने गळ्याची रेघ पार पुसट झाली. ती म्हणाली, उद्या डाक्तरला दाखवू. मी म्हटलं, डाक्तरला कशाला गो, मी हाय ना. बारीक कुंचला घेतला, जांभळा रंग कालवला, तिला दारात उजेडाला बसवली नि श्वास धरून रेघ ओढली. ती हसायला लागली, मला गणपती करता काय. म्हटलं, हलू नको.

सोमवारी कोणाला कळलं नाय. मी बाहेर बाकावर छाती फुगवून बसलो. मंगळवारी तिचा शेक झाला नि तिथला मशिनवाला दुसऱ्या एका पेशंटला समजावत व्हता, रेघ जपा, बोटभर सरकली तर गाठ राहते नि चांगलं मांस भाजतं. सांगावं तर जीभ उचलेना, आयुष्यभर न चुकलेला माणूस मी, चुकलो म्हणू कसा. तिला घेऊन तसाच बाहेर पडलो. बुधवारी ती आत गेली, दार लागलं, नि मला एकदम दिसलं की मी तिला माझ्या हाताने मारतोय. दोन्ही हातांनी दार बडवलं, थांबवा म्हटलं, ती रेघ माझी हाय.

डाक्तरने मापून बघितलं. म्हणाला, बाबा, रेघ सुंदर आहे, पण अर्धं बोट खाली आहे. दोन दिवसांचं भरून काढू, घाबरू नका. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. मंडळी बाहेर आली नि म्हणते, माझ्यासाठी का व्हईना, एकदाचं चुकलो म्हणालात.

त्याला आता बावीस वरसं झाली. आम्ही रोह्याला लेकीकडे असतो. त्या शेकापासून हिच्या तोंडाला लाळ सुटत नाय, भाकरी दुधात भिजवून खाते, नातवंडांवर ओरडते. वरसाला तपासायला नेतात. त्या दोन दिवसांनी काही बिघडलं नाही, असं डाक्तर दरवेळी सांगतात, मी मान हलवतो. देव तुमच्या घरातली माणसं सुखरूप ठेवो. पण ही पाणी पिताना ठसकली ना, की माझी नजर आधी गळ्याच्या त्याच बाजूला जाते, नि ती पदर ओढून म्हणते, बघता काय, हाय मी.