रेड ओकची फुंकर

ओकचं झाड दिसतं तरी कसं? दुबईत रास अल खोरच्या आमच्या वखारीत अमेरिकेहून ओकच्या फळ्या येतात, पण झाड कुणीच पाहिलेलं नाही. माझा दादा मात्र लाकूड बरोबर ओळखायचा. पुण्याच्या इंजिनियर साहेबांना एक फळी दाखवून तो म्हणाला, "हा व्हाइट ओक नाही, रेड आहे."

साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "कागदावर व्हाइट लिहिलंय. तू शिकलायस किती?"

दादा परत फळ्या रचू लागला. तिसऱ्या दिवशी हार्ट अटॅकने गेला. त्याला गावी न्यायचे कागद होईनात, तोवर साहेब पुन्हा वखारीत आले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी त्याच फळीचा बोटभर तुकडा कापला, एक टोक पाण्यात धरलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं. पाण्यात बुडबुडे आले.

"साहेब, रेड ओकमधून हवा जाते. व्हाइटमधून जात नाही."

साहेब ओशाळले. "खलास, चूक माझी. भावाला माझं सॉरी सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"सांगतो की. कुठाय तो?"

"जवळच आहे. यल्ला, बसा गाडीत," म्हणालो आणि त्यांना थेट शवागारात घेऊन गेलो.