पूजेची मशीन

(मंगरूळपीर. माती परीक्षण लॅबच्या फाटकासमोरची चहाची टपरी. खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची दुपार.)

उकंडराव : …मंग जिंकली कायची तू? कोर्टानं तुहं अर्धं बोलणं कानाआड केलं, आन् तू म्हणतं जिंकली!

पौर्णिमा : बाबा, हळू. टपरीवाला ऐकून राहिला.

उकंडराव : ऐकू दे. पोरीच्या हापिसासमोर बसलो मी, कोण्या चोराच्या दारात नाई. तू सांग, माती तपासाच्या मशीनवर बसू द्या म्हणलं, तं तुहा साहेब तुले काय म्हणला होता? "पूजेची मशीन आहे, तुम्ही चाळणीवरच बऱ्या." म्हणला का नाई?

पौर्णिमा : म्हणाले.

उकंडराव : त्याचं काय झालं कोर्टात?

पौर्णिमा : काहीच नाही.

उकंडराव : पाहा! हेच म्हणतो मी.

पौर्णिमा : पूर्ण ऐका तर. आपण गेलो ते नागपूरच्या मॅटमध्ये. सरकारी नोकरांचं कोर्ट ते. तिथं नोकरीचं बोलायचं. बढती, बदली, ज्येष्ठता, शेरा. साहेबांनी जातीवरून जीव किती दुखवला, हे तिथं मोजत नाहीत. त्याला दुसरा कायदा आहे, दुसरं कोर्ट आहे. अन् तिथं चार लोकांसमोर बोललेलं लागते. साहेब बोलले बंद खोलीत. ऐकणारा एकटा आमचा शिपाई भागवत.

उकंडराव : आन् तुमचा तो भागवत काय म्हणे?

पौर्णिमा : म्हणे, मी चाळणी धूत होतो. पाण्याचा आवाज होता.

उकंडराव : तुमच्या लॅबातल्या नळाले पाणी येते का पण?

पौर्णिमा : आठवड्यातून दोनदा.

उकंडराव : नेमकं तवाच आलं! बरं, आन् तो नरेंद्र? तुह्या मांगून लागला, आन् तुले सोडून त्याले वर चढवलं. ते तं नोकरीचंच होतं ना?

पौर्णिमा : ते मुदतीत बसलं नाही. वर्षाच्या आत दाद मागावी लागते. मी काय करत होते? स्मरणपत्रं पाठवत होते. एक पाठवलं, उत्तर नाही. मग दुसरं. मग तिसरं.

उकंडराव : लिहीतच तं होती. गप कोठी बसली?

पौर्णिमा : आमच्या ऑफिसात सगळ्यांना तसंच वाटते. स्मरणपत्र टाकलं की प्रकरण जिवंत आहे. कोर्ट म्हणालं, घड्याळ पहिल्या अर्जावरच सुरू झालं. स्मरणपत्रानं काटे मागं फिरत नाहीत. अन् ते अर्ज जायचे कोणाच्या हातून? साहेबांच्या. वरिष्ठांमार्फतच पाठवा, असा नियम. ज्याची तक्रार, त्याच्याच टेबलावर.

उकंडराव : म्हणजे लांडग्यापाशी चिठ्ठी देल्ली, का माही बकरी सोडून दे म्हणून.

पौर्णिमा : अन् लांडगा म्हणे, चिठ्ठी मिळाली, विचाराधीन आहे.

उकंडराव : हसतं काय! मंग उरलं काय तुह्या हाती?

पौर्णिमा : दुसरी वेळ उरली. पुन्हा जागा निघाली, यादीत सगळ्यात वर मी. तरी जागा रिकामी ठेवली, मला दिली नाही. वर शेरा मारला, "यंत्रावरील कामाचा अनुभव नाही." या वेळी मी स्मरणपत्राच्या नादी लागले नाही. साहेबांकडे अर्ज दिला अन् त्याच दिवशी वर अमरावतीला आगाऊ प्रत. सहा महिने वाट पाहिली, मग थेट नागपूर.

उकंडराव : तिथं सरकारी वकील काय बोलला, ते सांग. ते मले लय आवडते.

पौर्णिमा : दहादा ऐकलं तुम्ही.

उकंडराव : अकराव्यानं ऐकतो. सांग.

पौर्णिमा : कोर्टानं विचारलं, यांना बढती का नाही? वकील म्हणे, मशीनचा अनुभव नाही. मग मशीनवर का बसवलं नाही? वकील म्हणे, अनुभव नाही म्हणून.

उकंडराव : हा! मंग?

पौर्णिमा : मग कोर्टाचे मेंबर म्हणाले, वकील साहेब, तुम्ही गोल फिरून त्याच दारात आले. या बाई एम.एस्सी. केमिस्ट्री आहेत. तुम्ही त्यांच्या हाती लाकडी मोगरी दिली, ढेकळं कुटायला लावली अन् आता म्हणता यांना मशीन येत नाही. काम द्यायचं नाही, अन् केलं नाही म्हणून मागं ठेवायचं, याला सारखी वागणूक म्हणत नाहीत. शेरा रद्द.

उकंडराव : तेलाच्या घाण्याले जुंपला त्याले! मंग म्हणले ना, द्या पोरीले बढती?

पौर्णिमा : नाही.

उकंडराव : पुन्हा नाई!

पौर्णिमा : बढतीचा हक्क कोणालाच नसते, बाबा. बढतीसाठी आपला नीट विचार व्हावा, एवढाच हक्क असते. कोर्ट समितीच्या खुर्चीत बसत नाही. तो शेरा पाहू नका अन् पुन्हा विचार करा, एवढं त्यांनी सांगितलं. ती समिती आज सकाळी बसली.

उकंडराव : आन् समिती नाई म्हणली तं?

पौर्णिमा : तर त्यांना नवं कारण लिहावं लागेल.

उकंडराव : कारण लिहणारे कमी हायेत का या दुनियेत?

पौर्णिमा : नाहीत. म्हणून तर चहा तसाच राहिला माझा. नाही म्हणाले, तर पुन्हा नागपूर, पुन्हा तारखा. अन् तोवर मी चाळणीवर.

उकंडराव : तुही माय सकाळी इचारे, पेढे बांधून देऊ का. मी म्हणलो थांब, पयले बातमी येऊ दे.

पौर्णिमा : मग या पिशवीत काय आहे? शिरपूरहून बसमध्ये मांडीवर घेऊन आले, अजून खाली ठेवली नाही.

उकंडराव : आहे काईतरी. तुले काय करा लागते? तिकडं पाह्य, कोण पळून राह्यला तो?

पौर्णिमा : भागवतच आहे. अन् एका पायात चप्पल काहून?

भागवत : मॅडम! ओ मॅडम! आली!

पौर्णिमा : काय आली?

भागवत : ऑर्डर! मेलवर आली. मीच प्रिंट काढली. कागद अजून गरम हाये, हात लावून पाहा.

उकंडराव : गरम-थंडं मांगून पाहू. व्हय का नाई, ते बोल!

भागवत : काका, दम तं घेऊ द्या. चप्पल नालीत गेली माही.

उकंडराव : चप्पल मी घेऊन देतो. बोल लेका!

भागवत : विश्लेषक! श्रीमती पौर्णिमा उकंडराव पट्टेबहादूर, विश्लेषक. आपल्याच लॅबात. आन् तारीख आजची नाई बरं, मांगची. जवा जागा निघाली होती, तवापासूनची.

पौर्णिमा : मानीव दिनांक दिला? दाखव. …खरंच दिला, बाबा. तेव्हापासूनच मी विश्लेषक, असं धरलं त्यांनी.

उकंडराव : भागवत, नाव पुन्हा म्हण.

भागवत : पौर्णिमा उकंडराव पट्टेबहादूर.

उकंडराव : मधलं जरा जोरात.

भागवत : उकंडराव!

उकंडराव : ओ टपरीवाले, ऐकू आलं का? नाई आलं तं हा पुन्हा म्हणते.

पौर्णिमा : बाबा, पुरे! डोळे पुसा पहिले. …भागवत, साहेब काय म्हणाले?

भागवत : चष्मा काढला, पुसला, घातला. कागद तोच निघाला. मंग म्हणले, मॅडमले मशीनच्या खोलीची चाबी देऊन दे. ही पाहा, आणली.

उकंडराव : एवढंच म्हणला? चुकलं-बिकलं काई नाई?

पौर्णिमा : ते कोणतंच कोर्ट वदवून घेत नाही, बाबा. चाबी आली ना?

भागवत : मॅडम, एक सांगू का? मी ऐकलं होतं. त्या दिवशी नळाले पाणी नोतं.

उकंडराव : आता सुचलं तुले!

भागवत : काका, माहे दोन पोट्टे शाळेत हायेत. माहा रिपोर्ट कोण लिहते? तोच साहेब. पण आता सांगतो. पाहिजे तं लिहून देतो.

पौर्णिमा : राहू दे भागवत. त्याची वेळ गेली.

भागवत : खरं बोलाले बी मुदत असते का मॅडम?

पौर्णिमा : कोर्टात असते. टपरीवर नसते. बोल.

भागवत : साहेब म्हणले होते, "पूजेची मशीन आहे, तुम्ही चाळणीवरच बऱ्या." मी ऐकलं. माह्या या दोन कानानं ऐकलं. घ्या, झाले ना इथं चार लोकं?

उकंडराव : …याले चहा दे रे एक. अद्रक टाकून.

भागवत : आन् उद्याचं काय, मॅडम? खंडेनवमी हाये. ज्याच्या ताब्यात मशीन, तोच हार घालते दरसाल. मी तुमच्या नावानं झेंडूचा हार सांगू का?

उकंडराव : ती काहून हार घालीन? आमच्या घरी पूजा नाई करत कोणी.

पौर्णिमा : ज्याला घालायचा त्यानं घालावा, माझी ना नाही. फक्त साडेदहाच्या आत उरका, अन् फुलं बर्नरपासून दूर ठेवा. मला मशीन चालू करायची आहे. तिच्या आतला दिवा तापायलाच अर्धा तास लागते.

भागवत : नवमीले चालू? त्या दिवशी मशीनले आराम असते.

पौर्णिमा : सोयाबीन निघाली, लोकांना हरभरा पेरायचा आहे. मातीच्या पिशव्यांची थप्पी खिडकीच्या वर गेली. मशीनचा आराम खूप झाला, भागवत.

उकंडराव : मंग हे घे.

पौर्णिमा : काय आहे? …माती?

उकंडराव : नाल्याकडच्या वावरातली. जिथं सोयाबीन पिवळी पडते, तिथली. तू सांगितलं तशीच काढली. सात-आठ जागची मिसळली, चार भाग केले, आमनेसामनेचे दोन फेकले. लोखंड नाई लागू देल्लं. बांबूच्या कामटीनं खणली.

पौर्णिमा : किती वर्षांपासून मागून राहिले मी! चुनखडीची जमीन आहे ती, पिकाला लोह मिळत नसेल. नमुना द्या, नमुना द्या म्हणून थकले.

उकंडराव : तवा मशीनवर दुसरा होता. माही पोरगी ढेकळं कुटीन, आन् आकडा मी दुसऱ्याच्या हातचा घेऊ? म्हणलो, राहू दे पिवळी.

पौर्णिमा : तेवढं पीक घालवलं तुम्ही?

उकंडराव : तू सांगतं तसं माहं बी. मुदत गेली त्याची. आता बोलू नको.

भागवत : काका, ते द्या इकडं. मॅडमच्या घरची माती म्हणजे उद्या पयली! नाव लिहतो पिशवीवर.

पौर्णिमा : नाव नाही, भागवत. मशीनपाशी नुसता नंबर जाते. कोणाची माती आहे, हे आकडा काढणाऱ्याला माहीत नसते.

उकंडराव : माईतच नसते?

पौर्णिमा : नसावं लागते, बाबा. माहीत असलं की हात वाकडा पडते.

उकंडराव : बरं हाय हे. मंग भागवत, माह्या पिशवीवर बी नंबरच टाक, आन् लायनीत ठेव. आता मले घाई नाई.