वॉल्टरकाकांच्या ग्रुपचं नाव

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळाही अर्धवट सोडली, तेव्हा साधे शब्द चालवून घ्या.

मी अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या एका हॉलमध्ये साउंड बघतो. तिथे म्हातारे वॉल्टरकाका गायला आले. तरुणपणी चार मित्रांबरोबर त्यांनी सोल गाण्यांचा, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्यांचा, ग्रुप काढला होता. मित्र वारले आणि ग्रुपचं नाव त्यांच्या मॅनेजरने कागदोपत्री स्वतःचं करून लाटलं. आता त्या नावाने भलतीच पोरं गातात. स्टेजवर ते नाव उच्चारणार नाही, अशा कागदावर मॅनेजरने काकांची सही घेतलीय.

अनाउन्सर आला नव्हता. हॉलचे मालक देशमुखकाका मला म्हणाले, "तूच बोल. 'एक जुने गायक' म्हण, बास. नाव घेतलंस तर नोकरी गेली."

वॉल्टरकाका हसले. "मीच ठेवलेलं नाव, आणि मीच चोर!"

मी चारचौघांत तोंड उघडत नाही. पण माइक घेतला आणि ग्रुपचं नाव दोनदा सांगितलं. लोक उठून उभे राहिले.

देशमुखकाका धावत आले. "अरे, सही झालीय ना!"

"त्यांची झालीय, काका. माझी कुठे?"

सकाळी देशमुखकाकांचा मेसेज आला, कामावर येऊ नकोस. दुपारी तिथेच वॉल्टरकाकांचा दुसरा शो होता. मी नेहमीच्या वेळेला जाऊन माइक लावले.