रात्रीची जुळी

चित्रांच्या दालनातली पहारेकरीण उभी राहून राहून पेंगुळली होती. समोरच्या बाकावर एक जोडपं येऊन टेकलं. बाईच्या खांद्यावर तान्ही लेक झोपली होती.

"काळी शाल पांघरलेली ही कोण हो?"

"रात्र. आई म्हणून काढलीय. कुशीतली दोन बाळं म्हणजे झोप आणि मृत्यू, असं खाली लिहिलंय."

"यातली झोप कुठली नि मृत्यू कुठला?"

"ते नाही लिहिलं. चल, निघू या."

"जुळी दिसतात."

"म्हणून तर म्हणतो, चल."

"तिने दोघांनाही धरलंय. आपल्या हिच्या भावाला तुम्ही मला हातातसुद्धा घेऊ दिलं नाहीत."

"तू शुद्धीवर नव्हतीस गं."

"होते. कसा दिसत होता, एवढं तरी सांगा."

"हिच्यासारखाच. झोपलाय असंच वाटत होतं."

"बसा मग जरा."

"बसलोय."